नवनिर्माण, १९७४ : मेसच्या बिलापासून मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यापर्यंत

निरगुडी

आणीबाणीच्या धाग्यावर परवा तीन-चार जणांनी ‘आधी गुजरातेत विद्यार्थ्यांचं काहीतरी झालं, मग बिहार, मग जेपी (जयप्रकाश नारायण)’ असं लिहून नवनिर्माण, म्हणजे गुजरातेतलं चौऱ्याहत्तरचं विद्यार्थी आंदोलन, एका ओळीत उरकलं. वाचून राहवलं नाही. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

माझे बाबा त्या वर्षी अहमदाबादला इंजिनिअरिंग शिकत होते. मूळचे धुळ्याकडचे. बहात्तरच्या दुष्काळाने घर पार बसलं होतं. आजोबा जी मनीऑर्डर पाठवायचे तिच्यातले निम्म्याहून जास्त पैसे मेसमध्येच जायचे. त्यामुळे ‘मेसचं बिल वाढलं’ हे आमच्या घरात कधी हलक्याने बोललं गेलं नाही. बाबा सांगायचे, आधी ताटातलं तूप गेलं. मग रात्रीची कोशिंबीर. मग आमटी इतकी पातळ झाली की वाटीचा तळ दिसायचा. एवढं सगळं काढून घेतल्यावर दर वाढवला.

आता घटनाक्रम. २० डिसेंबर १९७३ ला अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी होस्टेलच्या जेवणाचे पैसे २० टक्क्यांनी वाढवले म्हणून संप केला. ३ जानेवारीला गुजरात युनिव्हर्सिटीत पुन्हा तेच, पोलिसांशी झटापट, लाठ्या, धरपकड. ७ जानेवारीपासून बेमुदत संप. १० जानेवारीला अहमदाबाद आणि बडोदा बंद, आणि तो बंद दोन दिवस धगधगत राहिला. २५ जानेवारीला सगळं राज्य बंद. गावोगाव संचारबंदी. २८ जानेवारीला अहमदाबादेत लष्कर आलं. ९ फेब्रुवारीला मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांनी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट लागली. १७ जुलै १९७३ ला आलेलं मंत्रिमंडळ २०७ दिवसांत गेलं. सात महिनेसुद्धा भरले नाहीत.

पहिला संप ते राजीनामा, जेमतेम ५१ दिवस. आणि विधानसभेत काँग्रेसचे किती आमदार होते? १६८ पैकी १४०! बाहत्तरच्या निवडणुकीत लोकांनीच भरभरून दिलेले. सभागृहात त्या सरकारला कुणी हात लावू शकत नव्हतं.

हे नुसतं पोरांच्या जेवणावरून झालं असं म्हणणाऱ्यांना त्या हिवाळ्यातलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणायला हवं. गुजराती घरात शेंगदाण्याच्या तेलाचा डबा वर्षाचा भरतात. सौराष्ट्र म्हणजे भुईमुगाचं माहेर. ज्या मुलखात तेल पिकतं तिथेच तेल परवडेना, ही गोष्ट लोकांच्या फार जिव्हारी लागली. तेलाच्या घाणीवाल्यांना आणि बड्या व्यापाऱ्यांना तिकडे ‘तेलिया राजा’ म्हणत. पंचवटी फार्मवर आमदार एकत्र ठेवून घनश्याम ओझांना खाली खेचलं गेलं, चिमणभाई नेते झाले, त्या सगळ्याला लागलेला पैसा या तेलवाल्यांचा, आणि आता ते दामदुपटीने वसूल करताहेत, असं लोक उघड बोलत होते. उत्तर प्रदेशच्या निवडणुकीसाठी दिल्लीला पैसा पोचवायचा म्हणून भाव वाढवू दिले असाही आरोप होता. त्यातलं कोर्टात काय टिकलं असतं हा भाग वेगळा. रेशनच्या रांगेत उभ्या बाईला मात्र त्यावर विश्वास ठेवायला काही जड गेलं नाही, कारण डब्याची किंमत तिच्या हातात होती.

चिमणभाई स्वतः अर्थशास्त्राचे प्राध्यापक. कॉलेजं काढलेली, युनिव्हर्सिटीच्या राजकारणात मुरलेला माणूस. विद्यार्थी आणि शिक्षक काय करू शकतात हे त्यांच्याइतकं गुजरातेत कुणाला ठाऊक नसेल. तरी त्यांना पहिले तीन आठवडे हे होस्टेलचं भांडण वाटलं. माझ्या मते त्यांचं सरकार तिथेच गेलं.

मला सर्वांत जास्त बोलायचंय ते पुढच्या पाच आठवड्यांबद्दल. राजीनामा मिळाल्यावर मुलं घरी गेली नाहीत. मंत्रिमंडळ गेलं होतं, विधानसभा नुसती स्थगित केली होती. म्हणजे वारा पडला की त्याच १४० जणांमधून दुसरा कुणीतरी मुख्यमंत्री. मुलांनी हे ओळखलं आणि ‘विधानसभा बरखास्त करा’ हे धरून बसली. नवनिर्माण युवक समिती (अध्यक्ष मनीषी जानी, हेही विद्यार्थीच) आमदारांच्या दारोदार गेली. आधी संघटना काँग्रेसच्या (काँग्रेस फुटल्यावरचा मोरारजींचा गट) आमदारांनी राजीनामे दिले, जनसंघाच्या तिघांनी दिले, मग इंदिराबाईंच्या सत्ताधारी काँग्रेसचेही गळायला लागले. मार्चपर्यंत ९५ राजीनामे. मोरारजीभाई देसाई उपोषणाला बसले आणि मार्चच्या मध्यावर विधानसभा बरखास्त झाली.

या सगळ्यात शंभराच्या आसपास माणसं गेली. बरीचशी पोलिसांच्या गोळीने. हजारांच्या वर जखमी, आठ हजारांवर अटक. बाबांच्या मेसमध्ये समोर बसून जेवणारा एक मुलगा फेब्रुवारीत परत आला नाही. बाबांनी त्याचं नाव आमच्यासमोर एकदाच घेतलं. म्हणून मला ‘बिहारच्या आधीचं काहीतरी’ हे शब्द सहन होत नाहीत.

कुणाकडे आठवणी असतील तर लिहा. बडोद्याची बरीच मंडळी इथे आहेत.

पिंपळपार

फार चांगला धागा. मला इतकंही माहीत नव्हतं. ते ‘चिमन चोर’ म्हणतात ते याच वेळचं का?

निरगुडी

हो, पिंपळपार. तेव्हाची घोषणा तीच. बाबा सांगायचे, घोषणा दोनच शब्दांची, त्यामुळे चार वर्षांच्या पोरालाही पाठ.

सुरसागर

निरगुडीताई, धागा पाहिला आणि रात्री झोप लागली नाही. मी बडोद्याचा. आमचं घर दांडिया बाजारात, पणजोबा सयाजीरावांच्या वेळी साताऱ्याकडून आलेले. चौऱ्याहत्तरात मी अकरावीत होतो. मोठा भाऊ एम. एस. युनिव्हर्सिटीत सायन्सला.

बाहेरच्यांना वाटतं की बडोद्यातले मराठी म्हणजे गणेशोत्सव, नाटक मंडळी आणि सरकारी नोकरी. राजकारणात पडायचं नाही, असा आमच्या घरचाही दंडकच होता. वडील सरकारी नोकर. भाऊ मोर्चाला गेला हे कळलं तेव्हा वडील त्याला एक शब्द बोलले नाहीत, फक्त ताट बाजूला सारून उठून गेले. आई मात्र बसून राहिली. म्हणाली, “गेला तर गेला. मी तिथं रांगेत चार तास उभी असते तेव्हा कोण येतं?”

१० तारखेच्या बंदनंतर रावपुऱ्यात रस्ताभर विटांचे तुकडे आणि चपला पडलेल्या होत्या. माणसं पळताना चपला सुटतात हे मी तेव्हा पाहिलं. अश्रुधुराचा वास घरात पडद्यांना दोन दिवस राहिला होता. आई ओलं फडकं प्रत्येकाच्या उशाशी ठेवायची.

मग संचारबंदी. सकाळी तासभर सुटायची. त्या एका तासात दूध, भाजी, घासलेट. आम्ही भावंडं वाटण्या करून पळायचो, मी दुधाला, ताई भाजीला. वाटेत कोपऱ्यावर लष्कराच्या गाडीजवळ एक जवान उभा असायचा. दक्षिणेकडचा असावा, आमची भाषा त्याला येत नव्हती. एकदा माझी बरणी फुटली तर तो खाली बसून काचा वेचू लागला. मला आजही पोलीस आणि लष्कर यांतला फरक विचारला तर तो माणूस आठवतो. लोकांनी लष्कराचं स्वागत केलं होतं हे खरं आहे. पोलिसांवरचा राग त्यांच्यावर नव्हता.

आणि संध्याकाळी थाळ्या. ठरलेल्या वेळी गच्चीवर, ओट्यावर, खिडकीत यायचं आणि थाळी वाजवायची. सरकारचा मृत्युघंट. पहिल्या दिवशी आमच्या वाड्यात एक-दोन घरं. तिसऱ्या दिवशी सगळा दांडिया बाजार. सूरसागरच्या पाण्यावरून तो आवाज असा यायचा की कुठून येतोय ते कळायचं नाही. आई लग्नातली पितळी परात घेऊन उभी राहायची आणि उलथन्याने बडवायची. वडील आत बसून असायचे. त्यांनी तिला एकदाही थांबवलं नाही.

९ फेब्रुवारीचं लिहायला घेतलं तर फार होईल. पुन्हा लिहितो.

माई_दादर

सुरसागर, तुमच्या आईंच्या परातीवरून मुंबई आठवली. लाटणं मोर्चा! बहात्तर-त्र्याहत्तरपासून आम्ही बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर होतो. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर. समाजवादी आणि कम्युनिस्ट एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून, आणि बरोबर गिरणगावातल्या, चाळीतल्या बायका ज्यांना कुठल्याच पक्षाशी देणंघेणं नव्हतं. मी तेव्हा बावीस वर्षांची, नवीन लग्न झालेली. सासूबाईंनी स्वतः मला लाटणं हातात दिलं, पण म्हणाल्या पोळपाट नेऊ नकोस, एकच आहे.

गुजरातेत थाळ्या वाजायला लागल्याचं पेपरात वाचलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आपला आवाज तिकडे पोचला. खरं-खोटं देव जाणे. भूक आणि रिकामी थाळी दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे बायकांना ते आपोआपही सुचलं असेल. पण तुम्ही सगळे विद्यार्थी विद्यार्थी म्हणताय, त्यात या बायकांना विसरू नका. मुलं रस्त्यावर आली तेव्हा पोलिसांना ती मारता आली. घरोघरी वाजणारी थाळी कुणाला पकडायची?

अनिकेत_र

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून थोडा वेगळा सूर लावतो. राग मानू नये.

१४० आमदार लोकांनी मतं देऊन निवडले. दोन वर्षांत त्यांना रस्त्यावरून घरी पाठवलं. त्यासाठी आमदारांच्या घरांना घेराव घातले, कुणाच्या तोंडाला काळं फासलं, कुटुंबांना धाक घातला. ९५ राजीनाम्यांपैकी किती मनापासूनचे? बसगाड्या जाळल्या, दुकानं लुटली, त्यात गरिबांचीही लुटली गेली. आज आपल्याला न आवडणाऱ्या जमावाने आपल्या आवडीचं सरकार असंच घालवलं तर आपण त्याला नवनिर्माण म्हणू का?

दुसरं. मिळालं काय? तेल स्वस्त झालं का? तर नाही. चौऱ्याहत्तर साल महागाईत आणखी वाईट गेलं.

निरगुडी

अनिकेत, राग कसला. हा प्रश्न यायलाच हवा होता. बाबा आणि त्यांचे मित्र जमले की यावरच वाद घालायचे.

घेराव झाले, जबरदस्ती झाली, हे मी नाकारत नाही. बाबांनी स्वतः एका आमदाराच्या घरासमोर दोन रात्री काढल्या होत्या. ते सांगायचे की दुसऱ्या रात्री आतून एका म्हाताऱ्या बाईने खिडकी उघडून विचारलं, ‘दीकरा, तमे जम्या?’ मुलांनो, जेवलात का. त्यानंतर त्यांना तिथे बसवेना. ते उठून आले. त्यांचे मित्र मात्र बसून राहिले आणि तो राजीनामा आला. बाबा म्हणायचे, मला दोन्हीतलं एकही चूक वाटत नाही आणि म्हणूनच मला आजही त्याबद्दल स्वस्थता नाही.

पण ‘लोकांनी मतं देऊन निवडलेलं सरकार’ हे म्हणताना एक गोष्ट सुटतेय. बाहत्तरला लोकांनी कौल दिला आणि घनश्याम ओझा मुख्यमंत्री झाले, तेसुद्धा दिल्लीने नेमलेले. सव्वा वर्षात त्यांना काढून चिमणभाई आले ते फार्महाऊसवर. मतदाराला कुणी विचारलं नव्हतं. मधल्या काळात सरकार बदलण्याचा हक्क आमदारांनी फार्मवर बसून वापरला, तर तोच हक्क लोकांनी रस्त्यावर मागितला, एवढंच. निवडलेल्या प्रतिनिधीला परत बोलावता यावं ही मागणी जेपींनी पुढे लावून धरली, ती इथूनच अंगात आलेली.

तेल स्वस्त झालं नाही, हे अगदी मान्य.

खानदेशी

निरगुडीताई धुळ्याच्या आहेत तर हा प्रश्न तुम्हालाच. बहात्तरचा दुष्काळ आपल्याकडे गुजरातपेक्षा भयंकर होता. विहिरी कोरड्या, गुरं कसायाला. मग वसंतराव नाईकांचं सरकार का नाही पडलं? आपल्याकडची मुलं उपाशी नव्हती का?

बांधावरून

खानदेशी, मी उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, माझा शेतीचा अभ्यास आहे.

महाराष्ट्रात सरकारने लोकांना कामावर लावलं. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. आमच्या गावचा तलाव त्यातलाच. माझी आजी खडी फोडायला जायची, हाताला फोड आलेले तिने मला म्हातारपणी दाखवले, डाग राहिले होते. मजुरी तुटपुंजी, वेळेवर मिळायची नाही, वर मिलो (परदेशी लाल ज्वारी) आणि सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ). पण हातात काहीतरी होतं. त्यातूनच पुढे रोजगार हमी आली. उपाशी माणूस बांधावर कामाला होता, मोर्चाला जायला त्याच्याकडे दिवस रिकामा नव्हता. आणि मोर्चे निघाले नाहीत असंही नाही, माईंनी वर लिहिलंच आहे.

गुजरातचा भडका मुळात शहरातला. अहमदाबाद, बडोदा, सुरत, राजकोट. पगारदार, शिक्षक, कारकून, त्यांची कॉलेजात जाणारी मुलं. दुष्काळी काम यांच्यासाठी नव्हतं. त्यांना बाजारातूनच घ्यायचं होतं आणि बाजार हाताबाहेर गेला होता. त्र्याहत्तरमध्ये केंद्राने गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःकडे घेतला, तो फसला, माल दडला. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध, खनिज तेल भडकलं. गुजरात धान्यात तुटीचा प्रांत, बाहेरून येणाऱ्या गव्हावर अवलंबून. हे सगळं एका हिवाळ्यात आलं. शिवाय शिक्षक मुलांच्या बाजूने उभे राहिले हे फार महत्त्वाचं. अहमदाबादेत कामगार, कर्मचारी, शिक्षक यांची १४ ऑगस्ट श्रमजीवी समिती आधीच महागाईविरुद्ध काम करत होती. जमीन नांगरलेली होती, मुलांनी बी टाकलं.

एक मात्र खंत. खेड्यातला शेतमजूर नवनिर्माणात फारसा नव्हता. आदिवासी पट्टा तर जवळपास नाहीच. त्यामुळे जे घडवायचं होतं त्यात त्यांचं म्हणणं आलंच नाही.

खानदेशी

धन्यवाद, बांधावरून. आजीच्या हातांचं वाचून माझी आजी आठवली. तीही खडीवर होती.

हर्षल_सुरत

मी सुरतेत वाढलो, घरात मराठी, बाहेर गुजराती. मला वेगळंच सांगायचंय. माझ्या पिढीला चिमणभाई ‘चोर’ म्हणून माहीतच नाहीत. मी शाळेत असताना, १९९० मध्ये, ते पुन्हा मुख्यमंत्री झाले होते. सरदार सरोवर पुढे रेटणारा माणूस, नर्मदेसाठी दिल्लीशी भांडणारा माणूस, अशीच त्यांची ओळख आम्हाला. फेब्रुवारी १९९४ मध्ये पदावर असतानाच ते गेले.

ज्या माणसाला हाकलायला शंभर जीव गेले त्यालाच सोळा वर्षांनी लोकांनी परत आणलं. मी हे माझ्या गुजराती सरांना विचारलं होतं, ते स्वतः नवनिर्माणात लाठ्या खाल्लेले. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले की मी नव्वदला त्यांनाच मत दिलं, कारण पाणी हवं होतं.

पिंपळपार

बाप रे. हे वाचून सुन्न झालो.

निरगुडी

हर्षल, आणि मधलं पाऊल तर आणखी लवकर आलं. काँग्रेसमधून बाहेर पडून चिमणभाईंनी किसान मजदूर लोकपक्ष काढला. विधानसभा बरखास्त झाली तरी निवडणूक लागेना, म्हणून एप्रिल १९७५ मध्ये मोरारजींना पुन्हा उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे जूनची तारीख मिळाली. निकाल १२ जूनला, ज्या दिवशी अलाहाबाद हायकोर्टातून इंदिराबाईंच्या निवडणुकीविरुद्ध निकाल आला त्याच दिवशी. विरोधी पक्षांच्या जनता मोर्चाला बहुमत कमी पडलं. काँग्रेस ७५ वर. आणि बाबूभाई जशभाई पटेलांचं सरकार उभं राहिलं ते कुणाच्या टेकूवर? चिमणभाईंच्या १२ आमदारांच्या! सोळा-सतरा महिन्यांपूर्वी ज्याची प्रेतयात्रा काढली त्याचाच टेकू. बाबांच्या एका मित्राने त्या दिवशी युवक समितीचा बिल्ला साबरमतीत टाकला.

त्याच्यावर मी स्वतः काय म्हणते ते सांगते. मुलांनी एक सरकार पाडलं, दुसरी विधानसभा मागितली, आणि दोन्ही मिळवलं. पण त्या नव्या विधानसभेत बसायला त्यांच्यातलं कुणी जवळजवळ नव्हतं. परीक्षा होत्या, घरची ओढ होती, समितीत फाटाफूट झाली होती, आणि पक्ष तर टपूनच होते. नवनिर्माण हे नाव घेतलं आणि निर्माणाचं काम ज्यांच्या हाती गेलं त्यांना ते करायचंच नव्हतं. याचा दोष मी वीस वर्षांच्या पोरांना देणार नाही. विचारायचं तर त्यांच्या बाजूला उभ्या असलेल्या मोठ्यांना विचारायला हवं.

अनिकेत_र

निरगुडीताई, तुमचा फार्महाऊसचा मुद्दा मला पटला. जमावाच्या जबरदस्तीबद्दलचं माझं मत मी सोडत नाही. पण ‘निवडून आलेलं’ हा शब्द मी वापरला तो तपासून बघायला हवा होता, हे कबूल.

एक विचारायचं राहिलं. जेपींचा नेमका संबंध काय? चळवळ त्यांनी चालवली असं काही ठिकाणी वाचलंय.

बांधावरून

नाही, चालवली मुलांनीच. जेपी अहमदाबादला आले ते ११ फेब्रुवारीला, म्हणजे राजीनाम्यानंतर दोन दिवसांनी. तोवर मंत्रिमंडळ पडलेलं होतं. बरीच वर्षं ते वाट शोधत होते, भूदानात वीस वर्षं घालवून आत निराशा साठली होती. गुजरातच्या मुलांनी लोकांच्या पाठबळावर सरकार घालवलेलं पाहून त्यांना मार्ग दिसला, असं त्यांनी स्वतः पुढे लिहिलंय. १८ मार्चला पाटण्याच्या मुलांनी विधानसभेला वेढा घातला आणि मग त्यांनी जेपींना गळ घातली. मुलांनी म्हाताऱ्याला शिकवलं, असा तो क्रम आहे.

माई_दादर

आणि आणीबाणी आली तेव्हा गुजरातेत बाबूभाईंचं सरकार होतं म्हणून किती जणांना तिकडे आसरा मिळाला! आमच्या ओळखीतले दोघे मुंबई सेंट्रलला गाडीत बसून बडोद्याला गेले आणि मार्च शहात्तरपर्यंत तिथे होते. ते सरकार पडलं तेव्हा त्यांना पुन्हा रानोमाळ व्हावं लागलं. तेव्हा मिळालं काय असं विचारणाऱ्यांनी ते नऊ महिने जरूर मोजावेत. टेकू चिमणभाईंचा होता हे खरंच. पण त्या टेकूखाली माझी माणसं झोपली होती.

सुरसागर

९ फेब्रुवारीचं लिहितो म्हणालो होतो.

शनिवार होता. रेडिओवर बातमी आली तेव्हा मी आणि ताई अभ्यासाचं सोंग करत बसलो होतो. खालून कुणीतरी ओरडलं, ‘गयो! गयो!’ वाड्यातली सगळी माणसं अंगणात. कुणी गुलाल आणला, पेढे कुठून आले कळलं नाही, त्या दिवसांत साखर मिळायची मारामार. गुजराती, मराठी, सिंधी सगळी घरं एका ठिकाणी. रस्त्यावर गरबा सुरू झाला, फेब्रुवारीत.

भाऊ त्या वेळी घरी नव्हता. २५ जानेवारीच्या बंदला त्याला पकडलं होतं आणि तो आत होता. आई सगळ्यांना पेढा वाटत होती पण स्वतः खाल्ला नाही. त्या संध्याकाळीही ती परात घेऊन ओट्यावर आली. शेजारच्या बेन म्हणाल्या, “अहो आता कशाला, गेला ना तो.” आई म्हणाली, “माझा अजून आला नाही.” आणि एकटीच वाजवत राहिली. मग शेजारच्या बेनही आत जाऊन थाळी घेऊन आल्या. मग समोरच्या. सरकार पडलेल्या दिवशीसुद्धा आमच्या गल्लीत थाळ्या वाजल्या.

भाऊ सहा दिवसांनी आला. डाव्या हाताची दोन बोटं पुढे कायम वाकडी राहिली. पुढे सगळी नोकरी त्याने त्याच हाताने केली, कधी तक्रार नाही.

परात माझ्याकडे आहे. मधोमध खोलगट झालीय आणि काठाला उलथन्याच्या खुणा आहेत. कल्हईवाला एकदा म्हणाला ठोकून सरळ करून देतो. बायकोने त्याला अंगणातूनच परत पाठवलं.

निरगुडी

सुरसागर काका, परातीचा एक फोटो इथे टाकाल का? आणि भाऊ बोलायला तयार असतील तर मी बडोद्याला येते. बाबांच्या समोर बसणाऱ्या त्या मुलाचं नाव माझ्याकडे आहे, फक्त पहिलं. तुमचे भाऊ ज्यांच्याबरोबर आत होते त्यांच्यापैकी कुणाला ते ओळखीचं वाटलं तर मला त्याचं आडनाव आणि गाव हवंय. आई-वडील आता नसतील, पण भाऊबहीण कुणीतरी असेल. बाबांनी त्याच्याकडून घेतलेलं एक ड्रॉइंगचं पुस्तक अजून आमच्याकडे आहे.

सुरसागर

भावाला आत्ताच फोन केला. तो म्हणाला, येऊ दे, पण त्या पोरीला सांग, रविवारी ये, सावकाश बसायला वेळ हवा. नाव मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. परातीचा फोटो उद्या उजेडात काढतो.